टॉवरपाशी उभा असलेला माणूस

मी साउंड इंजिनिअर आहे. तिकिटाच्या कार्यक्रमात आवाज बिघडला की दोन मिनिटांत कुणीतरी मिक्सरपाशी येऊन भांडतं. मोफत महोत्सवात कुणी भांडत नाही. लोक गुपचूप निघून जातात, आणि ते मला जास्त लागतं.

त्या संध्याकाळी तेच झालं. गायिका रंगात आलेली, मिक्सरपाशी आवाज स्वच्छ. सहज मान वळवली तर मागचं मैदान विरळ होत चाललेलं. मिक्सर सहकाऱ्याच्या हाती दिला आणि पळालो. स्टेजपासून ८० मीटरवर आमचा डिले टॉवर, म्हणजे मागच्यांसाठीचे जादा स्पीकर. तिथे पोचलो तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजचा आवाज टॉवरपर्यंत यायला जवळजवळ पाव सेकंद घेतो, म्हणून टॉवरचाही तेवढा रोखून सोडावा लागतो. जनरेटर बदलताना प्रोसेसर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि हे सेटिंगच उडालं. तपासायचं माझ्याकडून राहिलं होतं. २३३ मिलिसेकंद भरले, कानाने अंदाज घेत किंचित वाढवले, आणि दोन आवाजांचा एक झाला.

कुंपणाला टेकून एक माणूस उभा होता. अंगावर कामाचा गणवेश, पिशवी खांद्यालाच, एक पाय घरच्या वाटेवर. आवाज जुळला तशी त्याने पिशवी खाली ठेवली.

पैसे वाचतात म्हणून लोक येतात, हे अर्धंच खरं. तिकीट काढताना आपण ओळखीचंच नाव निवडतो. इथे अनोळखी गळ्याला दहा मिनिटं देऊन बघता येतात. पक्के चाहते तर एरवी कधीच न येणाऱ्या मित्रांना, घरच्यांना ओढून आणतात आणि गाण्यापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत बसतात. व्हिएन्नाचा डोनाउइन्सेलफेस्ट १९८४ पासून बिनतिकीट चालतो आणि तिथे लाखोंची गर्दी होते. फुकटचं म्हणजे कमअस्सल, असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

गाणं संपलं. त्या माणसाने मला विचारलं, "हिचं नाव काय हो?"

मी सांगितलं. त्याने मोबाइलमध्ये लिहिलं आणि बरोबर आहे ना म्हणून मला दाखवलं.

"अजून गाणार आहे?"

"दोन गाणी."

तो पिशवीशेजारी गवतावर बसला.