चौदा ओळींवर लाल रेघ

प्राचीन ग्रीक कवी आल्कमानच्या कन्यागीताचा माझा अनुवाद संपादकांकडून परत आला. ६४ ते ७७ या ओळींवर लाल रेघ, शेजारी शेरा: ‘नुसती नावं आहेत. गाळा.’

हे गाणं इसवी सनापूर्वी सातव्या शतकात स्पार्टातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या कुमारिकांच्या मेळ्यासाठी रचलेलं. १८५५ साली इजिप्तमध्ये सक्कारा इथे सापडलेल्या पपायरसमुळे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदामुळे, ते टिकलं. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कडवं चौदा ओळींचं. पहिल्या आठ म्हणजे दोन ओळींच्या लयीची एकच जोडी चार वेळा, पुढच्या सहांत लय पालटते. प्रत्येक कडव्यात हाच साचा. नाचताना पाठ करायला सोपा. रेघ नेमकी एका अख्ख्या कडव्यावर पडली होती. संपादक गद्यातले, त्यांना तिथे परिच्छेद दिसला.

त्या कडव्यात मुली म्हणतात: जांभळी वस्त्रं कितीही असोत, पुरणार नाहीत, सोन्याचं सर्पाकृती कडं नाही, लिडिया देशाची शिरपट्टी नाही, मेळ्यातल्या नान्नोचे केसही नाहीत. मग आरेता, थिलाकिस, क्लेएसिथेरा, आस्ताफिस, फिलिल्ला, दामारेता, विआन्थेमिस. आधीच्या कडव्यांत आलेल्या अगिदो आणि हागेसिखोरा धरल्या की दहा भरतात. शेवटाकडे गाणंही दहाच म्हणतं. ही हजेरी आहे हो! पोरी गावादेखत एकमेकींची नावं तालावर घेत होत्या. स्पार्टाचा पुराणकथेतला राजा हिप्पोकोऑन याच्या मुलांची कथा, ‘माणसाने आकाशात उडू नये, आफ्रोदितेशी लग्न लावायला जाऊ नये’ हा उपदेश (आफ्रोदिते म्हणजे प्रेमाची देवी) आणि मेळ्यातली आपली जागा, सगळं एकाच तालमीत पाठ व्हायचं. हागेसिखोरा या नावाचा अर्थच मुळी ‘मेळ्याची म्होरकी’.

दुसरा शेरा: ‘दहा जणी, मग “मी” कसं? “आम्ही” करा.’ ग्रीकमध्ये ‘गाते’ आणि ‘गातो’ला एकच रूप. मराठीत ‘आम्ही गातो’ केलं की गाणाऱ्या बायका की पुरुष, कळणारच नाही. ‘मी गाते’ म्हटलं की मुलगी समोर उभी राहते. पुढे तीच म्हणते, मी साधी पोर, आढ्यावरच्या घुबडासारखी उगाच किंचाळले. हे ‘आम्ही’त म्हणून बघा.

कडवं परत घातलं, ‘मी’ही ठेवला. अडलंय ते ७७व्या ओळीत. तिथलं क्रियापद ‘तेइरेइ’ वाचलं तर हागेसिखोरा मला झुरवते, ‘तेरेइ’ वाचलं तर ती माझी राखण करते. म्होरकीबद्दल दोन्ही खरं असू शकतं. तूर्त ‘झुरवते’ लिहिलंय, पेन्सिलने.