उड्डाण १४ ते १९: वर बघणं कमी, खाली बघणं जास्त

मी हॉट एअर बलून उडवायला शिकतोय. मागच्या नोंदीत मी जरा तोऱ्यातच लिहिलं होतं की लेव्हल फ्लाइट (एकाच उंचीवर उडणं) जमायला लागलीय, पन्नास फुटांच्या आत उंची धरता येते, आता काय सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, दारातच उभं आहे. तर मंडळी, सोलो लांबलंय, आणि ते बर्नरमुळे नाही, नकाशामुळे. चौदाव्या उड्डाणाला इन्फ्लेशन फॅन सुरू झाला होता, एन्व्हलप (बलूनचं कापड) अर्धं फुगलेलं, क्रू क्राऊन लाईन, म्हणजे बलूनच्या शेंड्याची दोरी, धरून उभा, आणि इन्स्ट्रक्टर मॅडमनी विचारलं, "उतरणार कुठे?" मी म्हणलं, "वारा नेईल तिकडे मॅडम, बलून आहे ना." त्यांनी शांतपणे फॅन बंद करायला लावला. कापड परत खाली बसलं आणि मला गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरायला सांगितला. अख्खा क्रू बघतोय. उड्डाण १४ म्हणून जी नोंद आहे ती त्यामुळे पाऊण तास उशिरा सुरू होते.

तेव्हापासून एक मोठा छापील नकाशा बनवतोय. मोबाईलवरचा पण आहे, पण छापील नकाशावर पेनाने लिहिलेलं डोक्यात राहतं असं माझं मत. लाल म्हणजे इथे खाली यायचंच नाही. पिवळा म्हणजे विचारून, आणि वर्षातले काही महिने. हिरवा म्हणजे मालकाशी बोलणं झालंय, उतरलं तर चालेल, गाडी कुठल्या फाटकातून आत न्यायची तेही ठरलेलं. सुरुवातीला वाटलं तासाभराचं काम आहे. सहा नोंदी झाल्या, अजून नकाशाचा अर्धा भाग कोरा आहे. कोरा म्हणजे लालच समजायचं, ही मॅडमची भर.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण कुठले ठिपके वाटेत येणार ते त्यावरच ठरतं. सुकाणू नाही, पण उंची बदलून दिशा मिळते हे आपल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगतात. उत्तर गोलार्धात वर जाल तसा वारा साधारण उजवीकडे वळतो आणि खाली येताना डावीकडे, कारण जमिनीच्या घर्षणाने वाऱ्याचा वेग कमी होतो आणि पृथ्वीच्या फिरण्याचा परिणामही तेवढाच घटतो. दक्षिण गोलार्धात उलटं. हे पुस्तकातलं झालं. आमच्या उड्डाणाच्या जागेजवळ एक दरी आहे आणि पहाटे तिच्यातून थंड हवा उताराने खाली वाहते, त्यामुळे शंभर दीडशे फुटांखाली वारा पुस्तकाला विचारतच नाही, सरळ दरीच्या तोंडाकडे जातो. ऊन चढलं की तो मरतो आणि थोड्या वेळाने उलटाही वळतो. मग मी काय केलं, नकाशावर बाणांच्या बाजूला वेळ लिहायला सुरुवात केली. सूर्योदयानंतर वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, एक तास. रोज उड्डाणाआधी दोन पायबॉल (वारा बघायचे छोटे फुगे) सोडतो, एक लगेच आणि एक पंधरा मिनिटांनी, आणि दोघांच्या वाटेत फरक पडला की तो फरकही लिहून ठेवतो. एकच पायबॉल सोडून खुश होणारे खूप बघितलेत, मीही त्यातलाच होतो.

उड्डाण १६ ची नोंद सगळ्यात मोठी आहे आणि ती वाचायला मला अजून आवडत नाही. जमिनीवर तीन नॉट वारा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), झाडाचं पान हलत नव्हतं, हजार फुटांवर अठरा नॉट. इन्व्हर्जन होतं, म्हणजे जमिनीलगत थंड हवेचा थर आणि त्याच्या डोक्यावर वेगवान वारा घसरत जातोय, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. वर मजा येत होती. मजा येत होती म्हणूनच उशीर केला. ऊन लागून जमीन तापली की खालचा थर ढवळला जातो आणि वरचा तो वेगवान वारा खाली उतरतो, म्हणजे सकाळची शांतता ही उधारीची असते, ठराविक वेळेत परत करायची. मी वीस पंचवीस मिनिटं जास्त राहिलो. उतरताना जमिनीवर बारा नॉट होते. मॅडम म्हणाल्या, पोझिशन. सगळे जाण्याच्या दिशेला पाठ करून, गुडघे थोडे वाकवून, आतले दोर धरून, कॅमेरे आत. पायलट लाईट (बर्नरची कायम पेटती छोटी ज्योत) बंद, सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद, होजमधला, म्हणजे गॅसच्या नळीतला, उरलासुरला गॅस जाळून टाकलेला, मग लाल दोरी, गरम हवा झटकन सोडून देणारी, जी ओढली ती सोडलीच नाही. बास्केट आडवी झाली आणि साधारण चाळीस मीटर फरफटत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही पण माझा आवाज पाच मिनिटं फुटत नव्हता.

आणि हे लिहूनच ठेवतो कारण नवीन लोक विचारतात: बास्केट थांबली तरी सांगेपर्यंत बाहेर पडायचं नाही. एक माणूस उतरला की सत्तर ऐंशी किलो कमी झाले, बलून परत उचलतो. २०१३ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरला उतरण्याच्या वेळी इंधनाच्या गळक्या होजमुळे आग लागली, पायलट आणि एक प्रवासी बाहेर पडले आणि हलका झालेला बलून पेटलेल्या अवस्थेत वर गेला, १९ माणसं गेली. आग वेगळा विषय, पण वजनाचं गणित तेच. हे कळल्यापासून होजच्या प्रत्येक जोडावर मी साबणाचं पाणी लावून बघतो, रोज, क्रू हसला तरी.

वजनाचं गणित म्हणाल तर तेही एकदा कागदावर करून बघा, डोळे उघडतात. आमचा बलून २,२०० घनमीटरचा. समुद्रसपाटीला बाहेर १५ अंश आणि आत १०० अंश असेल तर एका घनमीटरमागे साधारण २८० ग्रॅम उचल मिळते, म्हणजे एकूण ६१५ किलोच्या आसपास, आणि यातच कापड, बास्केट, सिलिंडर, माणसं सगळं आलं. बाहेर २५ अंश झाले की हाच आकडा ५२५ वर येतो. दहा अंशात नव्वद किलो, एक धडधाकट माणूस गेला की हो! थंडीत उचल भरपूर पण प्रोपेनचा दाब पडतो, म्हणून सिलिंडर गरम ठेवायचे किंवा नायट्रोजनने दाब वाढवायचा, नाहीतर बर्नर नुसता पिवळा फुरफुरतो. आणि आतल्या हवेचंच वजन दोन टनांच्या वर आहे, त्यामुळे बर्नर दाबला की लगेच काही होत नाही, काही सेकंद जातात. मी सुरुवातीला न थांबता परत दाबायचो, मग बलून झुरळासारखा वर पळायचा. आता दाबतो, मोजतो, मग ठरवतो.

आता तारा. हा भाग मी तीनदा लिहून खोडलाय. सतराव्या उड्डाणाला एक सुंदर मोकळं शेत दिसलं, कापणी झालेलं, सपाट, नकाशावर हिरवं. मी खाली यायला लागलो. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ती पंपाची खोली बघ." बघितली. "तिला वीज कुठून येते?" आणि मग दिसलं, शेताच्या कडेला एक खांब, दुसरा झाडात लपलेला, आणि मधली तार मला शेवटपर्यंत दिसली नाही. शेवटपर्यंत म्हणजे आम्ही तिच्या बरंच वर असतानाच मी बर्नर देऊन पुढे गेलो, पण तार दिसली ती ओलांडताना, आपली सावली तिच्यावरून गेली तेव्हा. तार शोधायचीच नाही, खांब शोधायचे. प्रत्येक रस्त्याच्या कडेला तार आहे असंच धरायचं, प्रत्येक एकट्या घराला, खोलीला, पंपाला कुठून तरी एक तार येतेच. उन्हाच्या दिशेला तोंड करून खाली येत असाल तर खांबही दिसत नाहीत, म्हणून उतरायची जागा निवडताना ऊन कुठे असेल तेही बघतो आता.

आणि तार अगदी जवळ आलीच तर? इथे हात आपोआप बर्नरकडे जातो, माझाही जाईल याची मला भीती आहे. पण वर सांगितलं तसं बर्नरचा परिणाम उशिरा येतो. पक्की खात्री नसेल तर वर जायचा प्रयत्न करायचा नाही, लाल दोरी ओढून झटकन खाली, म्हणजे लागलीच तर कापडाला लागेल, बास्केटला, सिलिंडरला आणि माणसांना नाही. २०१२ मध्ये न्यूझीलंडला कार्टरटनजवळ ११ जण गेले, तिथे चौकशीत हेच पुढे आलं की पायलटने खाली येण्याऐवजी तारेवरून वर जायचा प्रयत्न केला. आणि बलून तारेत अडकून थांबला तर वीज कंपनीने लाईन बंद केल्याचं सांगेपर्यंत बास्केटमधून कुणी पाय खाली टाकायचा नाही, क्रूने बास्केटला आणि लोंबणाऱ्या दोरीलाही हात लावायचा नाही. आम्ही हे जमिनीवर, बास्केटमध्ये उभं राहून, डोळे मिटून सराव करतो. लाल दोरी कुठे, व्हॉल्व्ह कुठे. वेड्यासारखं दिसतं, असू दे.

अठरावं उड्डाण झालंच नाही पण नंबर दिलाय. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) यांच्यात फक्त दीड अंशाचा फरक होता, आकाश एकदम स्वच्छ. मी म्हणलं निघू. मॅडम म्हणाल्या थांबू. सूर्य उगवल्यावर दहा मिनिटांत धुकं असं दाटलं की गाडी दिसेना. मला वाटायचं ऊन आलं की धुकं जातं, पण बऱ्याचदा उजाडल्यावर हवा जराशी हलते आणि तेव्हाच ते जास्त दाटतं. २०१६ मध्ये टेक्सासमधल्या लॉकहार्टला धुक्या-ढगांच्या सकाळी उडालेला बलून उतरताना तारांना लागला आणि १६ जण गेले. नकाशावर धुकं धरणाऱ्या दोन जागा निळ्या रंगात काढल्यात, दोन्ही पाण्याजवळच्या खोलगट.

एकोणिसाव्याला आम्ही चार बलून एकत्र होतो. खालच्याचा हक्क पहिला, कारण त्याला डोक्यावर एन्व्हलप असल्यामुळे वरचं काही दिसत नाही, बाजूला व्हायचं ते वरच्याने. पण खालच्यानेही वर जाताना रॉकेटसारखं जायचं नाही, आधी रेडिओवर विचारायचं "माझ्या वर कोण आहे". १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सला एकाची बास्केट दुसऱ्याच्या एन्व्हलपला लागून कापड फाटलं, १३ जण गेले, आणि तेव्हा हवा अगदी चांगली होती. क्रूचंही एक लिहायचं राहिलं: दोरी धरलेल्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटायला लागले की दोरी सोडायची, लगेच, विचार न करता. दोरी हाताला गुंडाळायची तर नाहीच. आमच्यातला एक जण, चांगला ताकदवान, म्हणाला मी धरून ठेवतो की. त्याला आतल्या हवेच्या वजनाचा तो दोन टनांचा आकडा सांगितला, मग गप्प बसला.

शेवटी घोडे, कारण या नकाशाचा पहिला लाल ठिपका तोच होता आणि तो माझ्या चुकीमुळे पडला. उड्डाण ११ ला आम्ही घोड्यांच्या एका कुरणावरून खूप खाली गेलो होतो. मला वाटलं आवाज नको, म्हणून बर्नर अजिबात न देता गुपचूप तरंगत गेलो, आणि नेमके घोड्यांच्या डोक्यावर आलो तेव्हा उंची इतकी कमी झाली की लांबलचक ब्लास्ट द्यावा लागला. घोडे उधळले, एक कुंपणाला जाऊन घासला. जनावरांवरून जाताना आधीपासून उंच राहायचं, आणि ते शक्यच नसेल तर लांबूनच थोडे थोडे छोटे बर्न देत यायचं म्हणजे त्यांना आवाजाची सवय होते, आणि जवळ आल्यावर शांत बर्नर वापरायचा. गुपचूप येऊन डोक्यावर फुटणं सगळ्यात वाईट.

मागच्या आठवड्यात मी त्या कुरणाच्या मालकीण बाईंकडे गेलो. नकाशा घेऊनच. त्या आधी दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "तुम्हीच का ते?" मी म्हणलं हो, मीच. घोड्याच्या खांद्यावरची खूण दाखवली त्यांनी, भरलेली होती. मग नकाशा बघितला, बराच वेळ, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतःच्याच कुरणाची हद्द दुरुस्त केली, मी ती जवळजवळ निम्मी काढली होती. शिंगरं होतात त्या महिन्यांत वरूनसुद्धा नको, एरवी हजार फुटांच्या वर असाल तर हरकत नाही, आणि पलीकडचं मोकळं शेत त्यांच्या भावाचं आहे, तिथे उतरायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा, फाटक उघडं ठेवायला सांगते, जाताना बंद करा. त्या शेताच्या उत्तर बाजूला खांब आहेत, ते माझ्याकडे नव्हतेच, तेही त्यांनीच काढून दिले, तीन.

लाल ठिपका पुसला नाही. बाजूला महिने लिहिलेत.