कलनची पुळण

दुपारी ओहोटी लागलेली, आभाळ राखी आणि वारा अंगावर. स्कॉटलंडच्या मरी किनाऱ्यावरच्या कलनमध्ये फिरायला निघायची वेळ हीच. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. तो हिशेब इथे चालवू नये, कारण भरती पोचायचा उशीर किनाऱ्यागणिक वेगळा. स्थानिक तक्ता बघावा. त्यातही मेख आहेच: बरेच तक्ते ग्रिनिच वेळेत छापलेले असतात, उन्हाळ्यात एक तास मिळवावा लागतो. तो राहिला, तर पाणी उतरायला लागलं असं समजून खडकांकडे निघालेला माणूस चढत्या पाण्यात सापडतो.

बंदराकडून पश्चिमेला निघावं. वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि दमल्यावर पाठीवर. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. लाट नुकती ओसरलेली ओली पट्टी टणक असते, पण समुद्राकडे कललेली. त्याच पट्टीवरून परतलं तर दोन्ही घोट्यांना न्याय मिळतो. पुळणीत उभे असलेले ‘तीन राजे’ हे खडक क्वार्ट्झाइट या टणक दगडाचे. त्यांच्या पायथ्याचं हिरवं शेवाळ टाळावं, खडकाला चिकटलेल्या खरखरीत बार्नॅकलच्या कवचांवर बूट धरतो. डावीकडे गोल्फचं मैदान आहे, तेव्हा ‘फोर!’ ही चेंडू येत असल्याची हाक ऐकू आली की वर बघू नये, डोकं झाकावं.

मग बुटाखाली काहीतरी कडकन मोडतं. मसल नावाची निळसर काळी शिंपली, आपल्या शिणाण्यांची चुलत बहीण. या किनाऱ्यावरच्या बायकांचं निम्मं आयुष्य हिच्यात गेलं. हॅडक हा मासा धरायच्या एकेका दोरीला 1200च्या आसपास गळ. प्रत्येक गळाला मसल सोलून लावायची, दोरी टोपलीत वेटोळ्यांनी रचायची आणि थरांमध्ये गवत पसरायचं, नाहीतर होडीतून दोरी सोडताना गळ एकमेकांत अडकून सगळा गुंता होतो. आणि हे उद्या पुन्हा. बंदरं नव्हती तिथे याच बायका नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवत, त्यांचे पाय कोरडे राहावेत म्हणून! मासेमारीच्या इतिहासात नावं मात्र होड्यांचीच जास्त.

सीटाउन या कलनच्या खालच्या वस्तीतली कोळ्यांची घरं समुद्राकडे तोंड करून नाहीत, बरीचशी कुशीवर वळलेली आहेत. वाऱ्यापुढे अरुंद भिंतच करायची, देखावा गेला उडत. त्यांच्या डोक्यावरून 1886चा रेल्वेपूल जातो. सीफील्ड या इथल्या जमीनदार घराण्याला आपल्या वाड्याच्या बागेतून रेल्वे नको होती, म्हणून तो बांधावा लागला. 1968 साली गाड्या बंद झाल्या. आता वरून सायकली जातात.

हॅडकचं पुढे काय होतं, तर कलन स्किंक नावाचं दाट सूप. चौघांना अर्धा किलो धुरावलेला हॅडक, तेवढाच बटाटा, एक मोठा कांदा, 600 मिली दूध, थोडं लोणी. मासा फिकट घ्यावा, पिवळाधमक दिसला तर तो रंगवलेला. तो दुधात शिजवायचा, पण दूध उकळू द्यायचं नाही. मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात, जास्त झालं की मासा चिवट होतो आणि दूध फुटतं. कांदा लोण्यात मऊ करायचा, लाल नाही. बटाटा वेगळा शिजवून निम्मा कुस्करायचा, दाटपणा त्याचाच. मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखून, कारण मासा मुळात खारवलेला असतो.

काहीजण वरून क्रीम ओततात. बटाटा कुस्करायचा कंटाळा, दुसरं काय!