लालबागची माणसं गेली कुठे?

डोंबिवलीत राहते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "अहो तुमच्या लालबागला एवढे टॉवर झाले, तिकडे माणसं केवढी वाढली असतील, मग तुम्हीच का आलात इकडे?" तुम्ही पण विचारलंत म्हणून सांगते. माणसं वाढली नाहीत, कमी झाली. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत साधारण ३३ लाख ३८ हजार लोक होते, २०११ ला ३० लाख ८५ हजार. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. त्यात आम्ही पण आलो.

लालबागच्या चाळीत आमची खोली १८० फुटांची आणि माणसं नऊ. गिरणीत बाबांची फर्स्ट शिफ्ट, काकांची थर्ड, त्यामुळे बाबा पहाटे उठून गेले की काका येऊन त्याच गादीवर झोपायचे आणि दुपारपर्यंत आम्हा पोरांनी आवाज करायचा नाही, अभ्यास गॅलरीत. आजी मोरीजवळ झोपायची कारण तिला रात्री उठावं लागायचं, माळ्यावर ट्रंका आणि माझा भाऊ. शिवाय गावचा कोणी नोकरी शोधायला आला तर तो पण वर्षभर आमच्यातच. गिरणगावानं, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागानं, एवढी माणसं सामावली ती अशी.

मग १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला, पगार गेले, आम्ही पोरं मोठी होत होतो, धाकट्या काकांचं लग्न ठरलं. एका घराची तीन घरं होणारच होती, पण लालबागला भाड्याची खोली मिळेच ना. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्या कायद्याला मी वाईट म्हणणार नाही, आमची नऊ माणसं त्याच्याच आधारावर जगली, पण भाड्यानं द्यायला नवीन चाळ बांधणं त्यानंतर कुणाला परवडेना, जे बांधलं ते विकायला. शेवटी तिघा भावांनी बसून खोली पागडीनं दिली, म्हणजे भाडेकरूचा हक्क पैसे घेऊन दुसऱ्याला दिला, मालकाचा हिस्सा गेला, उरलेल्याचे तीन वाटे. आम्ही डोंबिवली, मोठे काका कल्याण, धाकटे विरार.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. मागच्या गणपतीत रात्री साडेनऊला समोरच्या फुटपाथवरून मी खिडक्या मोजल्या, वरच्या मजल्यांवर निम्म्या घरांत पण दिवा नव्हता, घेऊन बंद ठेवलेली घरं ती. आमच्या एका मजल्यावर दहा खोल्या होत्या, सत्तर-ऐंशी माणसं सहज. जुन्या भाडेकरूंना बाजूच्या विंगमध्ये ३०० फुटांची स्वतःची घरं मिळालीयेत, आत संडास, नळाला पाणी, आणि ते मला मनापासून बरं वाटतं कारण बादली घेऊन रांगेत मी उभी राहिलेय.

आमच्या शेजारच्या मावशी तिथेच राहतात, एकट्या. एक मुलगा अंबरनाथला, दुसरा बदलापूरला, दोघांची लग्नं झाली आणि नव्या जोडप्याला वेगळी खोली लागतेच, लागायलाच हवी, पण ती लालबागला त्यांच्या पगारात बसत नाही. हे बदलायचं तर भाड्याची छोटी घरं बांधायला हवीत, तीही इथेच, शहरात. मावशींनी चहा टाकला, म्हणाल्या राहा गं आज, जागा आहे. पण सकाळी ऑफिस होतं, करी रोडवरून अकराची कल्याण स्लो पकडली.