एकशेचाळीस समित्या

गणित सोडून मला बारा वर्षं झाली होती, आणि नव्याने प्रवेश घेतलेल्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा पेपर सक्तीचा निघाला. मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन इथपर्यंत निभावलं. सूत्रात आकडे घालायचे, कॅल्क्युलेटर बडवायचा, उत्तर लिहायचं. गाडी रुतली ती संभाव्यतेत. तिथे सूत्रं तीन-चारच, पण कुठलं कधी लावायचं याचा पत्ता नाही. ‘क्रम महत्त्वाचा असेल तर परम्युटेशन (रचना), नसेल तर कॉम्बिनेशन (निवड)’ हे वाक्य मी झोपेतही म्हटलं असतं. गणित समोर आलं की मात्र क्रम महत्त्वाचा आहे की नाही हेच कळायचं नाही.

माझं घोडं नेमकं कुठे अडतंय ते एका गणिताने दाखवून दिलं. पाच स्त्रिया आणि चार पुरुष यांतून तिघांची समिती निवडायची, त्यात किमान एक स्त्री हवी. किती प्रकारे? मी म्हटलं, सोपं आहे. आधी एक स्त्री पक्की करून टाकू, म्हणजे अट पुरी झाली. ते पाच प्रकारे होईल. उरले आठ जण, त्यांतून कुणीही दोन घ्या, २८ प्रकार. ५ × २८ = १४०. मागे उत्तर बघितलं तर ८०. छपाईची चूक असणार, असं मी मनापासून मानलं.

माझा भाचा तेव्हा अकरावीत होता. त्याने वही बघितली आणि एवढंच विचारलं, “मावशी, अटच नसती तर एकूण समित्या किती झाल्या असत्या?”

नवातून तीन. ८४.

अट घातल्यावर समित्या कमी व्हायला हव्यात. माझ्या तर ८४ च्या १४० झाल्या होत्या. पण माझी कृती चुकली कुठे, हे मला तेव्हाही दिसेना. प्रत्येक पायरी बरोबर वाटत होती.

“एक समिती लिहून दाखव,” तो म्हणाला. सूत्र नको, समिती. मी स्त्रियांना अ, आ, इ, ई, उ म्हटलं आणि पुरुषांना १, २, ३, ४. लिहिली: अ, इ, २. “आता ही तुझ्या पद्धतीने कशी तयार झाली ते सांग.” अ पक्की केली, मग उरलेल्यांतून इ आणि २ उचलले. आणि... इ पक्की केली, मग अ आणि २ उचलले. तेच तीन चेहरे, मी दोनदा मोजले होते. अ, आ, इ ही तिघींची समिती तर तीनदा.

त्या रात्री मी १४० चा हिशेब फोडून बघितला. एकच स्त्री असलेल्या समित्या ५ × ६ = ३०, त्या एकेकदाच मोजल्या गेल्या. दोन स्त्रिया असलेल्या १० × ४ = ४०, त्या दोनदा, म्हणजे ८०. तिघी स्त्रिया असलेल्या १०, त्या तीनदा, म्हणजे ३०. ३० + ८० + ३० = १४०. माझं चुकीचं उत्तर पैन् पै जुळलं! आणि प्रत्येकीला एकदाच धरलं की ३० + ४० + १० = ८०. ८४ मधून फक्त पुरुषांच्या ४ वजा करून तेच उत्तर एका ओळीत येतं हे खरं, पण त्या ओळीपेक्षा १४० चं विच्छेदन मला जास्त शिकवून गेलं.

तेव्हापासून गणित वाचलं की सूत्राआधी समासात एक निष्पत्ती, म्हणजे घडू शकणारा एक निकाल, पूर्ण लिहायची, आणि माझ्या पद्धतीने ती किती वेळा तयार होते ते बघायचं, अशी सवय लावून घेतली. क्रमाचा प्रश्नही त्यातच सुटला. लिहिलेल्या निष्पत्तीतल्या दोन गोष्टींची अदलाबदल करायची. नवं काही तयार झालं तर क्रम महत्त्वाचा, जुनंच राहिलं तर नाही.

शब्दातल्या अक्षरांच्या रचना मोजताना सारखी अक्षरं आली की क्रमगुणिताला (तीन अक्षरं असली तर ३ × २ × १) भागायचं, हे असंच पाठ होतं. ‘कनक’ घेतलं. एक क लाल पेन्सिलने, एक निळ्या पेन्सिलने लिहून सहाच्या सहा रचना मांडल्या. मग रंग विसरून वाचलं, तर कनक, ककन, नकक, प्रत्येक दोनदा. म्हणून ६ भागिले २. एवढं झाल्यावर ‘नवजीवन’ला भीती वाटली नाही: पाच अक्षरं, न दोन, व दोन, १२० भागिले ४, उत्तर ३०.

पिशवीतल्या चेंडूंनी मात्र छळलं. ३ लाल, २ पांढरे. दोन काढायचे, एकेका रंगाचा एक येण्याची संभाव्यता काय? मी अंशात ३ × २ = ६ घ्यायची आणि छेदात ५ × ४ = २०. छेदात ‘आधी हा, मग तो’ असा क्रम धरलेला, अंशात नाही. क्रम धरायचा तर दोन्हीकडे, १२/२०. नाही तर कुठेच नको, ६/१०. उत्तर एकच. पण वर एक आणि खाली एक असं चालत नाही. हे कळायला मला आठवडा लागला, सांगायला लाज वाटते.

तशी लाज बाळगायचं कारण नाही म्हणा. दालांबेर हा फ्रान्सचा मोठा गणितज्ञ. नाणं दोनदा उडवून किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने १७५४ मध्ये २/३ मांडली होती. पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच, असा त्याचा हिशेब. शक्यता तीन धरता येतात, पण त्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत. पहिलीचा वाटा एकटीचाच निम्मा. उत्तर ३/४. हे वाचून मला फार बरं वाटलं.

परस्पर अपवर्जी घटना (एक घडली की दुसरी घडूच शकत नाही) आणि स्वतंत्र घटना (एकीवरून दुसरीबद्दल काहीच कळत नाही) यांत माझा रीतसर गोंधळ होता, तो एका फाशाने मिटला. २ पडला म्हणजे ५ पडलेला नाही हे तत्क्षणी कळतं. मग त्या दोन घटना स्वतंत्र कसल्या?

‘किमान’वाल्या गणितांची मात्र शेवटी गोडी लागली. फासा चारदा टाकून किमान एक सहा पडावा, तर मी १/६ चारदा मिळवून २/३ म्हणायची. मग सातदा टाकला तर ७/६ होतील, म्हणजे एकापेक्षा जास्त, हे स्वतःच्याच लक्षात आलं. सहा एकदाही न पडणं म्हणजे ५/६ चारदा गुणून ६२५/१२९६, ते १ मधून वजा केलं की ६७१/१२९६. निम्म्याहून जेमतेम वर.

परीक्षेत नाणं पाच वेळा उडवायला दिलं होतं. मी समासात ‘छा का का छा का’ लिहिलं, एकूण ३२, पूरक घटना, एकही छापा नाही ती १, उत्तर ३१/३२, खाली दुहेरी रेघ. पेपर देऊन जिना उतरताना आठवलं की प्रश्नात किमान दोन छापे म्हटलं होतं. एकच छापा येणाऱ्या त्या पाच निष्पत्तीही वजा करायच्या होत्या. २६/३२.