दादाची चंदेरी पुडी

दारूपायी दुसऱ्यांदा स्वादुपिंडाला सूज आलेला दादा परवा रुग्णालयातून घरी आला. आज भेटायला गेलो तर उशीखालून एक चंदेरी पुडी काढली त्याने. "चिनी काढ्याची आहे रे, ही घेतली की परत त्रास नाही म्हणे." वास घेतला, नाकातच कडू! पुडीवर दाहुआंगचं नाव, म्हणजे रेवंदचिनी.

आता खोटं नाही, चीनमध्ये 'छिंग यी' नावाचा काढा या आजारात खरंच देतात. त्यात रेवंदचिनी असते, थंडावलेली आतडी हलवायला. पण ते रुग्णालयात, सलाइन आणि बाकीचे उपचार चालू असताना. पुढे दारू घेऊनही सुजेचा नवा झटका टाळेल, असा भक्कम पुरावा कुठल्याच काढ्यामागे नाही.

काम कशाने झालं? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात दारूमुळे हाच आजार झालेले 120 रुग्ण होते. काहींना दर 6 महिन्यांनी बोलावून नर्स दारूविषयी बोलायची. 2 वर्षांत त्यांच्यातल्या 8 टक्क्यांना पुन्हा झटका आला. एकदाच समजावलेल्यांत 21 टक्क्यांना.

दादाला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे नुसत्या गप्पा?"

हो रे, नुसत्या गप्पा. आणि हो, सिगारेटपण सोड म्हटलं, तीही स्वादुपिंडाची वैरीण. त्यावर तोंड फिरवलं. पुडी परत उशीखाली गेली.