छाती दगड, फाइलवर "दूध कमी"

हंगामात आमच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या वॉर्डात, ऊसतोडीच्या बायकांची बाळं येतातच, दिवस भरायच्या आधी झालेली, कारण आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळ्या असतात. ही जानेवारीतली केस. बाळ १४०० ग्रॅमचं, आई बीडकडची, विशीतली. बाळ आमच्याकडे काचेत आणि ती डिस्चार्ज होऊन परत फडावर. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई बसली की अर्धाच, खाडा पडतो, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. "आईने इथेच राहायला हवं" असं आम्ही तोंडाने म्हणतो, पण राहणार कुठे, तिच्यासाठी खाट नाही, व्हरांड्यातला बाक आहे.

म्हणून नवरा सकाळी उकळलेल्या स्टीलच्या डब्यात दूध घेऊन मोटरसायकलवर यायचा. त्या दिवशी पहाटे चारला पिळलेलं दूध साडेनऊला पोचलं. आमच्या वॉर्डचा नियम चार तासांचा. इन्चार्ज सिस्टरनी डबा त्याच्यासमोरच बेसिनमध्ये ओतला. नियम मला मान्य आहे, एवढ्याशा बाळाच्या आतड्याचा भरवसा नसतो, पण निदान तो गेल्यावर तरी ओता ना! मुंबईत सायन हॉस्पिटलला १९८९ पासून मिल्क बँक आहे, आशियातली पहिली, अशा वेळी तिथे दुसऱ्या आईचं दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास तापवून, तपासून देता येतं. आमच्याकडे पावडरचा डबा आहे.

दुपारी ती स्वतःच आली. अंगात ताप, ब्लाउज भिजलेला, छाती दगड. रात्री गाडी भरायला लागली होती आणि पहाटेनंतर पिळायला वेळच मिळाला नव्हता. आमच्या नव्या सिस्टरने तिला पंप लावला. पंप देणगीतला, छातीला लावायचं फनेल एकाच साइजचं, हिने सक्शन फुल करून ठेवलं, बाटलीत चार थेंब आले आणि फाइलवर लिहून मोकळी, "दूध कमी". माझं डोकंच फिरलं. छाती एवढी तटतटली की बोंडाभोवतीचा काळा भाग कडक होतो, बोंड आत जातं, तिथे पंप काय ओढणार? उलट ओढून सूज पुढे येते आणि वाट अजून बंद.

आधी डॉक्टरांना दाखवलं, तापाची गोळी दिली. मग कोमट फडकं, थोडाच वेळ. मग बोंडाच्या भोवती बोटांची टोकं ठेवून सरळ छातीकडे दाबायचं, मिनिटभर, घाई न करता, की सूज मागे सरकते आणि काळा भाग मऊ पडतो. मग अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, आधी मागे दाबायचं आणि मग एकमेकांकडे. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत, बोंड ओढायचं नाही, बहुतेकजणी नेमकं तेच करतात. पहिल्यांदा थेंब, मग धार. एका बाजूचं साठ मिली निघालं. बाळाला दर दोन तासाला सतरा-अठरा मिली लागत होतं, म्हणजे तीन फीड एकदम! फाइल दुरुस्त करायला लावली. मग बाळाला उघड्या छातीवर ठेवलं तर दुसऱ्या बाजूने हात न लावता गळायला लागलं.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, फडात लई भरून आलं की म्या सरीतच पिळते, चालतंय का?" आम्ही सगळे विचारत होतो हिचं दूध टिकलं कसं, ते असं टिकलं होतं! छाती रिकामी होत राहिली की दूध बनत राहतं, रिकामं बाटलीत केलं की मातीत, शरीराला काय फरक पडतो. फक्त ते दूध बाळापर्यंत येत नव्हतं.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला, ती गेली. जाताना घरचा रुंद तोंडाचा थर्मास दिला, टपरीवरून बर्फ घेऊन त्यात डबा ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बर्फ निम्मा वितळलेला पण डबा गार. इन्चार्जनी हात लावून बघितलं आणि वेळ लिहून घेतली, बोलल्या काही नाही.

बाळ वाढलं, अंगावर ओढायला लागलं, घरी सोडलं. घरी म्हणजे कोपीत, तोडकऱ्यांच्या झोपडीत. रजिस्टरवर पत्ता मात्र गावाकडचा, आशाताई तिथे जाऊन काय करणार, घराला कुलूप. फोन नंबर टोळीच्या मुकादमाचा, तो म्हणाला टोळी पुढे गेली. आता फॉलोअपला न आलेल्यांच्या यादीत तिचं नाव आहे आणि कारणाच्या रकान्यात कुणीतरी लिहिलंय, "पालकांची उदासीनता". अक्षर कुणाचं आहे ते मी ओळखते.